मेलेला बाप काय मागतो

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्याच्या पाच वर्षांच्या ईशाला हत्तींचा एक कार्टूनपट दाखवायला नेलं. त्यात काका राजाला मारून राज्य बळकावतो. मग मेलेला राजा ढगांत उमटतो आणि आपल्या पिल्लाला म्हणतो, "भिऊ नकोस, मी आहे." सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट ज्या जुन्या शोकांतिकेवर बेतलेली आहे, ती मी कॉलेजात असताना पाहिली होती. तिथला मेलेला बाप धीर द्यायला येत नाही. तो मुलाकडे सूड मागतो, आणि पडदा पडेपर्यंत मुलगाही उरत नाही. मुलांसाठी गोष्ट गोड करताना नेमकं ते मागणं काढून टाकलं होतं. मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाने मागितलं, तर नाही कसं म्हणायचं?

बाहेर लख्ख ऊन होतं. ईशा सहज म्हणाली, "काका, माझे बाबापण येतात."

"काय म्हणतात?"

"चल म्हणतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईला विचारून सांगते."

मी तिला कडेवर घेतलं आणि घर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.