ताडपत्री उडाली तो दिवस

सासू गेली त्या दिवशी माझी मुलगी विमानतळावर ड्युटीवर होती. हवामानाच्या ऑफिसात ती ढग, वारा पाहते आणि धोका दिसला की टॉवरला कळवते. टॉवर पायलटला सांगतो. उतरायचं की नाही, ते पायलट ठरवतो. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला समजतं. माझ्या दिरांना, इंजिनिअर असून, समजलं नाही.

दीर पुण्याहून निघाले होते. विमानात चढायच्या आधी त्यांनी तिला फोन केला, "तू तिथंच आहेस ना? मग आमचं विमान बरोबर उतरवून घेजो." जसं काही ते रेशनचं दुकान आहे आणि आपली पोट्टी काउंटरवर बसली आहे! आमच्या घरात सगळ्यांना असंच वाटतं. घरचं माणूस ऑफिसात असलं की काम झालंच.

चार वाजता मुलीचा फोन आला. पुढच्या पाळीची बाई आली नव्हती म्हणून तिला निघता येत नव्हतं. रडत होती. मग एकदम आवाज बदलून म्हणाली, "आई, उरल्याला वारा कसा आहे?" आम्ही उरल्याला राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या वस्तीत. वादळ बहुतेक आधी आमच्यावरून जातं, मग शहर ओलांडून विमानतळावर. ढग तिला मशीनवर दिसतच होता, तरी तिनं विचारलं. मी सासूच्या उशाशी होते. उठून दार उघडलं तर कारखान्यांची काळी धूळ आत घुसली, आणि माणसांना बसायला बांधलेली ताडपत्री बांबूसकट शेजारच्या छपरावर जाऊन पडली.

"ताडपत्री उडाली," मी म्हणाले. तिनं फोन ठेवला.

तिनं टॉवरला कळवलं आणि विमान वळून नागपूरला गेलं. अंधार पडायच्या आत सासूला नेलं. दिरांना आईचं तोंड दिसलं नाही.

त्याचं दुःख मलाही आहे. पण तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, सगळ्यांसमोर ते मुलीला म्हणाले, "पंधरा मिनिटं थांबून कळवलं असतं तर काय बिघडलं असतं? आजीपेक्षा ढग मोठा झाला तुले?"

"मॅडम झाली ना आता ते, दादा," नणंद म्हणाली.

माझे यजमान चहा फुंकत बसले. मीही खाली मान घालून कप गोळा केले. लग्न झाल्यापासून दिरांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मोरीत भांडी विसळताना मुलगी हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी थोडं थांबून पाहीन."

माझ्या डोक्यात जाळ झाला. विमानभर माणसं वर असताना ही थांबून पाहणार? एका टोमण्यापायी? मी ओल्या हातांनीच बाहेर गेले.

"भाऊजी, तुमच्या आईच्या अंगावरची चादर मी दोन्ही हातांनी दाबून बसली होती, असा वारा होता. ताडपत्री उडाली हे तिले मीच सांगितलं."

"वहिनी, तुम्ही काहून मधात..."

"मी बोलून राहिली ना, ऐका. ते थांबली असती, तर मी दोघांच्या उशाशी बसली असती."

मोरीत परत येऊन मी मुलीच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं.

"थांबायचं नाही. दिसलं की सांगायचं."

"हव," ती म्हणाली.