पदरातली फुटकी सुपारी

आमच्या घरातून मुंबईला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून त्या उन्हाळ्यात सुट्टीत श्रीवर्धनला घरी आलो, तेव्हा वडील मला धंद्यातलंही विचारू लागले. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

वडील बागायतदारांकडून सुपारी घेत, वाळवत आणि सोलून घेऊन गलबताने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवत. सोलायला आठ-दहा बायका येत. संध्याकाळी उठताना प्रत्येकीने मूठभर फुटकी सुपारी पदरात बांधून न्यायची, ही आजोबांच्या वेळेपासूनची रीत. मी नुकतंच अर्थशास्त्र वाचलेलं. "फुटकीही विकता येईल की," मी म्हणालो.

वडिलांनी हिशेबाची वही मिटली. "तू शिकलायस. तुला कळत असेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बायकांना आता फुटकी न्यायची नाही असं सांगितलं. भांडलं कुणीच नाही. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी माझ्या जन्माआधीपासून येणारी. तिने पदराची गाठ सोडून सुपारी ढिगावर ओतली.

"धाकलं शेट मुंबयला जाऊन ह्येच शिकलं व्हय?"

बायका हसल्या. मला वाटतं, मीही हसलो.

आठवडाभरात सगळ्याजणी शेजारच्या वखारीत सोलायला जाऊ लागल्या. पावसाळ्यात बंदर बंद व्हायचं. त्याआधी माल सोलून गेला नाही, तर बुरशी ठरलेली. शेवटी वडील म्हातारीच्या दारात गेले. मी मागे उभा होतो.

"उद्यापासून न्या पहिल्यासारखी," वडील म्हणाले.

तिने आधी पाणी दिलं. "मुठीचं काय न्हाय, शेट. तुमची घाई म्हनून आमी सनाच्या दिवशीबी आलो. तवा आमी कुनी हिशेब बघितला न्हाय. आता तिकडं शब्द दिलाय."

शेवटच्या गलबतातून निम्मा मालसुद्धा गेला नाही. उरलेला पावसात काळा पडला. मुंबईच्या व्यापाऱ्याचं दोन ओळींचं पत्र आलं, यंदापासून दुसरीकडून घेतो म्हणून. ते कळल्यावर बागायतदारही आमच्याकडे येईनासे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात घरी आलो, तर वडील मागीलदारी एकटेच बसून घरच्या चार झाडांची सुपारी सोलत होते. मी शेजारी बसलो. पहिलीच सुपारी माझ्या हातून फुटली. वडिलांनी तुकडे उचलून बाजूला ठेवले.

"जा, अभ्यास कर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. धंद्यातलं त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.