तांजोंग पगारमधला बांगडा

सिंगापूरला येऊन मला सहा वर्षं झाली होती, तेव्हा आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. बाबांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. तोवर ती येते येते म्हणत टाळत होती. कधी आंब्याचे दिवस, कधी गुडघे, कधी जुन्या शाळेतल्या बायकांची सहल. शेवटी दादाने तिला न विचारता तिकीट काढलं आणि वेंगुर्ल्याहून मुंबईपर्यंत स्वतः येऊन विमानात बसवून दिलं.

आम्ही चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर राहायचो. नवरा आयटीत, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. मुलगी सात वर्षांची, तिथल्याच शाळेत. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. मी तांजोंग पगारला एका बँकेत अकाउंट्सला होते.

आईचा पहिला आठवडा खिडकीत उभं राहण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात तिला आमच्या खालचं मार्केट सापडलं, आणि तिच्यात जीव आला. सकाळी सातला ती पिशवी घेऊन माझ्याआधी तयार असायची. मासेवाल्या चिनी काकांसमोर उभी राहून बांगड्याच्या पोटावर बोट दाबायची, कल्ला नखाने उघडून बघायची आणि शुद्ध मराठीत सांगायची, "हा कालचा आहे. तो मागचा दाखवा." काका मागचा काढून द्यायचे. तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या बाईचा आवाज होता तो, भाषा न कळताही कळायचा.

घरी येऊन ती मासे साफ करायची, बरोबर आणलेली तिरफळं घालून आमटी करायची, आणि शेवटी माझ्या मुलीला हाक मारायची. "इकडे ये गो, मीठ बघ."

मुलगी चमचा चाटून तिथल्या बोलीत म्हणायची, "ओके लाह, आजी."

कारण आई स्वतः चाखायची नाही. बाबा गेले त्या दिवसापासून तिने मासे सोडले होते. आमच्याकडे ही जुनी रीत. आताशा फारसं कोणी पाळत नव्हतं, वेंगुर्ल्यात दोन गल्ल्या पलीकडच्या मावशींनीही पाळली नव्हती. पण आईने पाळली. जन्मभर मासळीशिवाय घास न उतरलेली बाई आमच्यासाठी आमटी करायची आणि स्वतः डाळ-भात घेऊन बाजूला बसायची.

मी एकदा विषय काढून पाहिला. म्हटलं, "आई, हे कशाला? बाबांना तरी आवडलं असतं का?"

ती एकदम चिडली. "मला कोणी सोडायला लावलेले नाहीत. मीच सोडले. तू तुझं जेव."

मी पुन्हा विचारलं नाही.

ऑफिसच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान, वर घर अशा जुन्या शॉपहाउसच्या रांगेत, एक लहानसं जपानी दुकान होतं. दारावर निळा कापडी पडदा, आत लाकडी काउंटर, आठ खुर्च्या आणि भिंतीला लागून दोन टेबलं. मालक साठीच्या पुढचे, काउंटरमागे उभं राहून सुशी करायचे. त्यांची बायको पाहुण्यांचं बघायची, आणि मुलगी ऑर्डर घ्यायची. सिंगापूरला आल्यावर पहिल्या वर्षी मी खूप एकटी होते, तेव्हा एका दुपारी भात आणि मासा एवढंच बघून मी आत शिरले होते. कोमट, किंचित आंबटगोड भाताची ती मूठ आणि वर माशाची फोड तोंडात गेली आणि मला का कोण जाणे रडू आलं होतं. मालकीणबाईंनी काही न विचारता चहाचा कप समोर ठेवला. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मी तिथेच जेवायचे. त्यांना माझं नाव कधी नीट उच्चारता आलं नाही, मलाही त्यांचं.

एका शनिवारी आई आणि लेक दोघींना घेऊन गेले. माझ्या मनात आईला फक्त जागा दाखवायची होती. जुराँग ईस्टला गाडी बदलून आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो आणि काउंटरवरच तीन खुर्च्या मिळाल्या. आईसाठी काकडीची आणि मुळ्याच्या लोणच्याची सुशी सांगितली. ती तिने नाक न मुरडता खाल्ली. आल्याच्या गुलाबी लोणच्याची वाटी तर एकटीने संपवली.

पण तिचं लक्ष मालकांच्या हातांकडे होतं. त्यांनी एक बांगडा काढला, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, आणि डोक्याकडून चिमटीत धरून त्याचं पातळ साल शेपटीपर्यंत एका ओढीत काढलं. पाठीवरचे निळे-काळे पट्टे तसेच राहिले.

"बघितलंस?" आई मला कोपराने ढोसत म्हणाली. "कुठे फाटलं नाही. सुरी बघ त्याची. पुसतो किती वेळा बघ."

"विचारू का त्यांना काही?"

"नको. बघू दे."

पाऊण तास ती बघत बसली. निघताना मालकीणबाईंनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला, तर आईनेही हात जोडले. दोघी साधारण एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या. माझी मुलगी हसायला लागली.

पंधरा दिवसांनी आईनेच विचारलं, "त्या बाईंकडे जायचं का पुन्हा?"

त्या दिवशी गर्दी नव्हती. मालकीणबाई आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण समजायचं. आईची ताटली बघून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आईंना मासे आवडत नाहीत?"

मी म्हटलं, "आवडायचे. खूप. पण माझे वडील गेले, म्हणून त्या आता खात नाहीत."

मराठीत हे वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं, कारण आमच्याकडे ते कोणाला सांगावं लागायचं नाही. इंग्रजीत ते बोलले आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. वडील गेले, म्हणून मासे नाहीत. मधलं कारण कुठे गेलं?

बाईंनी मात्र लगेच मान डोलावली. "हो, हो. आमच्याकडेही. माझे वडील गेले तेव्हा घरात मासे नव्हते. आई नाही, आम्ही नाही, कोणीच नाही. एकोणपन्नास दिवस."

मी आईला सांगितलं. आईने खाली झुकलेली नजर वर केली. "आणि मग?"

"मग सगळे एकत्र जेवायला बसतात," बाई म्हणाल्या. "भावाने मासे आणले. पहिला तुकडा त्याने आईला वाढला. ती खाईपर्यंत आम्ही थांबलो."

मी हेही सांगितलं. आईने बाईंकडे बघून मान हलवली आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिली. बाईंनी आग्रह केला नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं तशा त्या तिकडे गेल्या.

परतीच्या गाडीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली. बाहेर उंच उंच इमारती सरकत होत्या. आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आपल्याकडेही होतंच की ते."

"काय?"

"सुतक फिटल्यावर मासे आणले होते ना. तुझ्या काकांनी. चांगली मोठी सुरमई होती."

मला आठवलं. चौदाव्या दिवशी घरात पुन्हा मासे शिजले होते. पंधरा-वीस माणसं होती. इतके दिवस मासळीविना सगळे कंटाळले होते, आणि त्या दुपारी घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं. आमटी आईनेच केली होती. चुलीपुढून उठून तिने सगळ्यांना वाढलं. मी दोनदा भात घेतला होता, तेही मला आठवलं.

"मी वाढत होते," आई म्हणाली. "सगळे बसले. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, तू पण बस. कोणी म्हणालं नाही. मग मीच ठरवलं, बरं, नाही तर नाही."

"आई, तू म्हणाली होतीस की तूच सोडलेस."

"मीच सोडले. पण कोणी बस म्हटलं असतं तर बसले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरीतल्या मुलाला चुकलेलं गणित समजावून सांगावं तशी ती बोलत होती. मला मात्र वर बघवेना. काका म्हातारे होते, दादा पाहुण्यांमध्ये होता, वहिनी नवीन होती. मी तिची मुलगी. मी तिथे, तिच्या समोरच्या पानावर बसले होते, आणि मला सुचलं नव्हतं. चोआ चू कांग येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले. ती म्हणाली, "घाम येतोय गो, सोड," तेव्हा सोडला.

तिच्या जाण्याला दहा दिवस उरले होते. त्या दहा दिवसांत मी कितीतरी वेळा बोलायचं ठरवलं, आणि दर वेळी वाटलं, आता काय उपयोग, आता ती नाहीच म्हणणार. शेवटच्या शनिवारी मुलीला शेजारच्या घरी ठेवून आम्ही दोघीच तांजोंग पगारला गेलो. काउंटरवर बसलो. मी आधी मालकीणबाईंशी हळूच बोलून घेतलं. त्या आत गेल्या, मालकांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मालकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हात धुतले, सुरी पुसली आणि बांगडा काढला.

दोन ताटल्या आमच्यासमोर आल्या. माझ्या ताटलीला मी हात लावला नाही. आईची ताटली मी तिच्यापुढे सरकवली. एवढंच म्हणता आलं, "आई, तू बस. तू आधी घे."

आईने ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कच्चा आहे ना?"

"मीठ लावून मुरवलाय. व्हिनेगरमध्ये."

"म्हणजे अगदीच कच्चा नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. काड्या तिने बाजूला ठेवल्या आणि उजव्या हाताच्या बोटांनी ती मूठ उचलली. क्षणभर वास घेतला. मग एका घासात तोंडात टाकली आणि डोळे मिटले. तिचा जबडा हळूहळू हलत होता. मालक हातातलं काम थांबवून उभे होते. मालकीणबाई पडद्याशी उभ्या होत्या. मला वाटलं ती रडेल. मीच रडायच्या बेतात होते.

आईने गिळलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे. आंबट जरा कमी चाललं असतं. पण मासा ताजा."

मी हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच. मालकांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी फक्त पहिलं आणि शेवटचं सांगितलं. त्यांनी मान झुकवली आणि न सांगता दुसरा तुकडा केला. आईने तोही खाल्ला. मग माझ्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "तू जेव आता. वाट कसली बघतेस?"

त्या दुपारी ती खूप बोलली. बाबा बाजारातून बांगडे आणायचे आणि दर वेळी फसून यायचे, कोळीण त्यांना मास्तरीणबाईंचे मिस्टर म्हणून शिळे मासे गळ्यात बांधायची, आणि ही लगेच तिकडे जाऊन भांडून यायची. तीन वर्षांत तिने बाबांबद्दल इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

ती गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी फोन कार्ड घेऊन घरी फोन लावला. दादाने उचलला. आवाज दबका. "काय केलंस तिला तिकडे? काल मला म्हणाली, बांगडे आण, आणि चार जास्त आण, मी पण खाणार आहे. तुझी वहिनी घाबरली, म्हणाली तब्येत ठीक आहे ना?"

"मग तू काय केलंस?"

"आणले. काय करणार?" थोडं थांबून तो म्हणाला, "मी वाढले तिला." कार्डावरची मिनिटं जात होती.

ते दुकान त्यानंतर तीनेक वर्षं चाललं. मग मालकांचे हात थरथरायला लागले, आणि ते दोघं त्यांच्या गावी परत जायला निघाले. त्यांची मुलगी सिंगापूरलाच राहिली, तिचं लग्न ठरलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा मालकीणबाईंनी आईची चौकशी केली. मी म्हटलं, रोज मासे खाते. त्यांनी तोंडावर हात ठेवून हसत नवऱ्याला सांगितलं. आता तिथे कॉफीचं दुकान आहे. शुक्रवारी कधी त्या गल्लीतून गेले तर मी आत न जाता पुढे जाते.

आई पुन्हा सिंगापूरला आली नाही. गुडघ्यांनी खरंच साथ सोडली. पुढच्या एका पावसाळ्यात वेंगुर्ल्याला आमच्या शेजारचे काका वारले. काकू आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. सुतक फिटलं त्या दिवशी आई आपल्या घरून माशाच्या आमटीचं पातेलं घेऊन काठी टेकत त्यांच्याकडे गेली. घरात माणसं जेवायला बसली होती आणि काकू वाढत होत्या. आईने त्यांच्या हातातली पळी काढून घेतली, त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः वाढलं.

हे मला दादाने फोनवर सांगितलं. काकूंनी त्या दिवशी माशाला हात लावला नाही. मान खाली घालून नुसता भात चिवडत बसल्या. आई उरलेली आमटी घेऊन परत आली. पुढच्या रविवारी तिने दादाला पुन्हा बाजारात पाठवलं, काकूंसाठी बांगडे आणायला.