मडगार्डवरून उतरलो तेव्हा

आज दुपारी वैशालीने रोवणीच्या चिखलाने माखलेला ट्रॅक्टर अंगणात आणून उभा केला. डिझेल आणि ओल्या मातीचा एकत्र वास दारात आला आणि मी बारा वर्षं मागे, गोरेगावजवळच्या आमच्या मोठ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाऊन पोचलो.

तेव्हा माझी ही पोरगी अठरा वर्षांची होती. धान रोवण्याआधी बांधीत चिखल करायचा होता. ती स्टेअरिंगवर, आणि मी शेजारी मडगार्डवर. धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, वळताना ट्रॅक्टर उलटलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात माझा हात तिच्या आधी स्टेअरिंगवर जायचा.

तिसऱ्या कोपऱ्याआधी तिने ट्रॅक्टर थांबवला.

"बाबूजी, तुमी उतरा."

"काऊन?"

"तुमचा हात मधात आला का मले भेव लागते."

धुऱ्यावर थांबलेल्या रोवणीच्या बायांसमोर असं बोलली म्हणून मला रागच आला. तरी उतरलो, गुडघाभर चिखलात. ट्रॅक्टर निघाला. कोपरा जवळ आला तसे मी डोळे गच्च मिटले.

"भाऊ, तुमी काय चालवून राहिले?" सुमनबाई धुऱ्यावरून ओरडली आणि साऱ्या बाया खदाखदा हसल्या.

डोळे उघडले तर माझे दोन्ही हात हवेतच स्टेअरिंग फिरवत होते.

तेव्हा मी ओशाळलो होतो. आता मात्र तो प्रसंग मीच सगळ्यांना रंगवून सांगतो. कारण मी हवेत वळत होतो तोवर वैशाली कोपरा घेऊन, दोन्ही बाजूंनी पाणी उडवत, बांधीच्या मधोमध पोचली होती.