शेवंतीची सही, ताराचं नाव

तारा, पत्राला उत्तर लिहिणं तुझ्या स्वभावात नाही, आणि वाट बघणं माझ्या. म्हणून तुझी गोष्ट तुलाच सांगते. चुकलं तर निरोप धाड. तिच्यात मी 'वकीलबाई' आहे. दुसऱ्या नावानं तू मला हाक कधी मारलीस?

ताराचा नवरा सखाराम सावंतवाडीकडचा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तारा दोन पोरांसह भाड्याच्या खोलीत. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली दिवाळीपर्यंत रिकामी करायचा हुकूम सुटला. ही तिसरी खोली. तेवढ्यात ओळखीतल्या गोकुळदासाचं घर विकायला निघालं. कौलारू, दारात विहीर, मागे निरफणसाचं झाड. तारा पाहायला गेली आणि चूल कुठे मांडायची ते ठरवूनच परतली.

"वकील कित्याक?" सखाराम म्हणाला. "माणूस ओळखीचो आसा."

"बैल घेताना दात बघूक जाणतो माणूस नेतात, आणि घर घेताना नको?"

वकीलबाईंनी कागद पाहिले. ठीक होते. मग त्यांनी गोकुळदासालाच विचारलं, "बायको कुठे आहे?"

"केरी गेल्या. भयणीच्या बाळंतपणाक."

"भयण?" तारानं तिथल्या तिथे धरलं. "शेजारीण तर सांगी होती, ती आवशीची एकटीच पोर!"

मग गोकुळदासानं कबूल केलं: बायको केरीला माहेरी आहे, आणि घर विकतोय हे तिला सांगितलेलं नाही. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर घर नवराबायकोचं निम्मंनिम्मं. तिच्या सहीशिवाय विकता येत नाही. हद्दीपलीकडून आलेल्या सखारामाच्या हे गावीही नव्हतं.

"घर बापयमाणसाचा, सही बापयमाणसाची. ह्यात बायल खय इली?"

दुसऱ्याच दिवशी गोकुळदासानं निरोप आणला: दुसरा एक वकील आहे, तो बायकोच्या सहीवाचून काम करून देतो. सखाराम उठलाच. तारानं त्याची चप्पल पायाखाली धरली.

"'तुका काय एक झाला नाय' म्हणणारो डॉक्टर मिळापर्यंत डॉक्टर बदलीत रवतल्यात? उद्या ती बाई दारात इली, तर पोरांका घेवन मी खय जाव?"

मग तारा आणि वकीलबाई पेडण्याला बस बदलून केरीला गेल्या. गोकुळदासाची बायको शेवंती अंगणात कोकमाची सोलं वाळवत होती. तिनं 'बसा' म्हटलं नाही.

"घर विकतात ते बाजाराक कळलं. माका ना."

वकीलबाई सरळ बोलल्या, "सही करायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुम्ही नको म्हटलंत तर घर विकलं जाणार नाही."

ताराची दिवाळी तोंडावर आलेली, आणि तिचीच वकील असं बोलत होती! दुसरी असती तर तिनं वकीलबाईंचा हात दाबला असता. तारा म्हणाली, "खरा आसा ता."

शेवंती पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघू लागली. "मागच्या निरफणसाचं काय करशील?"

"काप करून खातलय. तोडूचय नाय."

"तो मी लावलेला," शेवंती म्हणाली आणि हसली. तिच्या अटी दोनच. अर्धे पैसे तिच्या स्वतःच्या हातात. आणि झाडाच्या मुळाला फुटवा आला की तिला केरीत आणून द्यायचा.

ठरल्या दिवशी खरेदीखत लिहायला शेवंती आली, विकणाऱ्यांत गोकुळदासाबरोबर तिचंही नाव लिहिलं गेलं. तारा टक लावून बघत होती. लिहिणारा खरेदीदाराचं नाव घालू लागला तशी ती पुढे झाली.

"बाई, माझाय आपसूक अर्धा?"

"नाही. तुमचं लग्न पलीकडचं, तुम्हाला तो कायदा नाही."

"मग लिवन घाला. सखाराम आणि तारा."

"लोक काय म्हणतले?" सखाराम कुजबुजला.

"लोक भाडा भरूक येतत?"

नाव पडलं, आणि शेवंतीनं सही केली. त्या दिवाळीला तारानं आपल्या उंबऱ्यावर पणती ठेवली. पुढे सखारामच खाणीवर घर घेणाऱ्यांना सांगत सुटला, आधी वकील गाठा आणि बायकोक घेवन जावा. अक्कल आपलीच असल्यासारखा! तारानं त्याला कधी टोकलं नाही. एवढा मोठेपणा माझ्यात नाही.

फुटवा पुढच्या पावसात आला. तारानं तो करवंटीत मातीसकट उचलून वकीलबाईंकडे आणून ठेवला. रविवारी दोघींनी केरीला जायचं. त्या रविवारी बस नव्हती, पुढच्या रविवारी ताराचं पोर तापलं. करवंटी फुटली, म्हणून वकीलबाईंनी रोप तात्पुरतं आपल्या घरामागच्या परड्यात लावलं.

तारा, ते आता कौलांच्या वर गेलंय. फळं धरतंय. केरीला शेवंतीकडे जायचं अजून राहिलंय.