जावेच्या मधमाश्या, चतुराबाईच्या काकड्या

फुलंब्रीच्या अलीकडं, सडकेला लागून चतुराबाईचं काकडीचं रान आहे आणि बांधापलीकडं तिच्या धाकट्या जावेचं, दीपमालाचं. वाटण्या झाल्या तेव्हा सडकेकडची जमीन चतुराबाईनं भांडून घेतली होती. आता आपणच वरचढ राहणार, याची तिला खात्री होती. पण दीपमालानं बांधालगत मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या आणि ती खात्री डळमळली.

शहराकडं जाणाऱ्या गाड्या सडकेवर थांबायला लागल्या. माणसं उतरत आणि चतुराबाईच्या ताज्या काकड्यांकडं न बघता विचारत, "मध कुठं मिळतो हो?" पलीकडं बोट दाखवताना तिचा हात जड व्हायचा. त्यात तिचा नवरा बद्रीनाथ एकदा जेवताना सहज म्हणाला, "दीपमालानं डोकं लावलं बरं का." चतुराबाईनं तव्यावरची भाकर तशीच करपू दिली.

रोज सकाळी माश्या बांध ओलांडून येत, काकडीच्या पिवळ्या फुलांत डोकं खुपसत आणि भरल्या पोटानं परत जात.

"आपल्या फुलाचा रस चोरून ही बाई बाटल्या भरती," ती बद्रीनाथला म्हणाली. "आपल्या मालात दम कुठून राहील?"

खरं तर त्या साली माल कधी नव्हे इतका चांगला आला होता. पण ते कबूल करायला तिची जीभ वळत नव्हती.

एका दुपारी दीपमाला घरी नाही असं बघून चतुराबाईनं काठीनं एक पेटी ढोसली. माश्या अशा तुटून पडल्या की तोंड सुजून डोळे उघडेनात. ते सुजलेलं तोंड घेऊन ती गल्लीभर फिरली. "आज मी वाचले, उद्या एखादं लेकरू मरंल!"

गावातली चार माणसं पेट्या हलवायला सांगायला दीपमालाकडं गेली. खरचटलेली पेटी आणि खाली पडलेली काठी तिनं पाहिली होती, पण ती काही बोलली नाही. पेट्या टेम्पोत घालून लासूर स्टेशनला माहेरी ठेवून आली. चतुराबाईला कित्येक महिन्यांनी जेवण गोड लागलं.

पुढच्या लागवडीला वेल झकास चढले, फुलं लगडली. पण काकड्या बोटभर होऊन पिवळ्या पडत आणि गळत. राहिल्या त्या कोयत्यासारख्या वाकड्या. बद्रीनाथनं खत बदललं, औषध मारलं, काही फरक पडला नाही. शेवटी त्यानंच बांधावरनं दीपमालाला हाक मारली.

दीपमालानं वेलावरची दोन फुलं दाखवली. "अक्का, हे नराचं फूल. हे मादीचं, ह्याच्या बुडाशी बारकी काकडी असती. नराची धूळ हिच्यात पडली तरच ती भरती. माशी येती रसासाठी, पण अंगाला लागलेली धूळ ह्या फुलावरनं त्या फुलावर नेती. तिचं पोट भरतं, आपलं फळ धरतं."

"पेट्या नव्हत्या तवा धरत नव्हतं का?" चतुराबाई फणकारली.

"तवा बांधावर बाभळी होत्या, त्यांच्यावर मोहोळं होती. बाभळी आपण तोडल्या. राहिलेल्या माश्या सकाळच्या फवारणीत मेल्या. माझ्याबी लई मरायच्या."

आपल्या फवारणीनं मेलेल्या माश्या जाऊ इतके दिवस वेचत होती आणि एकदाही भांडायला आली नाही, हे चतुराबाईला डंखांहून जास्त झोंबलं. एवढा चांगुलपणासुद्धा हिच्याचकडं असावा!

काही दिवस ती धुमसत राहिली. मग एका सकाळी स्वतःच दीपमालाच्या दारात जाऊन उभी राहिली. "आण तुझ्या पेट्या."

"अन् तुमचं तोंड सुजलं तर?"

"काठी नाय घेतली तर कशाला सुजंल?"

याहून जास्त कबुली तिच्याच्यानं झाली नसती. दीपमालाला ते कळलं. ती म्हणाली, "फवारणी सांजच्याला करायची, माश्या घरी गेल्यावर. अन् बांधावर परत झाडं लावायची."

"लावू. पण पेट्या माझ्या बाजूला ठेवायच्या."

"का?"

"माझी फुलं त्यांना आधी दिसली पायजेत."

पेट्या आल्या, काकड्या सरळ आणि भरदार निघाल्या. चतुराबाईचा जळफळाट मात्र गेला नाही. माश्या तिच्या रानातून उठून दीपमालाच्या कांद्याच्या गोंड्यांवर गेल्या की ती अजूनही अस्वस्थ होते. यंदा त्यांना धरून ठेवायला तिनं बांधाकडेला सूर्यफुलाची ओळ लावली. दीपमालानं ती पाहिली आणि आपल्या बाजूला धने पेरले. आता दोन्हीकडं फुलं आहेत आणि माश्यांची चंगळ चालली आहे.