समोरच्या काकांची मुलाखत

ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजात, आमच्या समोर राहणाऱ्या काकांचं प्रत्येक वाक्य "नाही, बात अशी आहे"नं सुरू होतं. आजारपणाचं समाजशास्त्र हा माझा पीएचडीचा विषय त्यांना चटकन कळला. "नाही, बात अशी आहे, ही डॉक्टर आहे, पण सुई नाही लावत," असं ते गल्लीभर सांगतात. कुठे कंपाउंडरची जागा निघाली तरी माझ्या खिडकीशी येऊन हाक मारतात. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या मात्र तुळशीच्या कुंडीत पुरतात.

परवा एका कॉलेजात खरंच माझ्या विषयाची जागा निघाली. मुलाखत ऑनलाइन होती. लोक औषधं अर्धवट का सोडतात, असा पहिलाच प्रश्न आला. मी तोंड उघडणार, तोच खिडकीतून उत्तर आलं, "नाही, बात अशी आहे, डॉक्टर मान वर करून बघतच नाही!"

समितीतल्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी काकांना आत बोलवायला लावलं आणि पुढचं सगळं त्यांनाच विचारलं. शेवटी मला म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी वहीत लिहून ठेवलेला प्रश्न शोधू लागले. काका पुढे वाकले. "नाही, बात अशी आहे, जागा पर्मनंट आहे का?"

पडद्यावरच्या साऱ्या माना एकदम खाली गेल्या.